तारे मोजणाऱ्या बायकांचं पुस्तक

लोक मला विचारतात, मॅडम, तुम्हाला या विषयाची गोडी कशी लागली? मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर गोडी वगैरे काही लागली नव्हती. मला शिसारी आली होती.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या ग्रंथपाल बाईंनी कपाटं झाडायला काढली होती आणि पेपर तपासून झालेले म्हणून मी त्यांच्या मदतीला बसले होते. अगदी खालच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कुणीतरी संस्थेला भेट दिलेलं, एकदाही कुणी घरी न नेलेलं. खगोलशास्त्राच्या इतिहासात ज्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, अशा बायकांविषयी ते होतं. मी ते पिशवीत टाकलं आणि दुपारी कूलरसमोर बसून वाचायला घेतलं.

परदेशातल्या एका वेधशाळेची गोष्ट होती. तिथे आभाळाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेत. त्या काचांवर हजारो काळे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक तारा. भिंग लावून ते ठिपके मोजायचं, त्यांची जागा आणि तेज टिपायचं काम बायकांकडे होतं. दुर्बिणीला मात्र त्यांनी हात लावायचा नाही. त्यांना म्हणायचे गणक. आपण यंत्राला संगणक म्हणतो तसंच. त्यातल्या एका बाईने त्या ठिपक्यांमधून एक नियम शोधून काढला, आणि छापून आला तो वेधशाळेच्या साहेबांच्या सहीने.

इथपर्यंत मला नुसता राग आला होता. राग चांगला असतो, राग आला की माणूस उठून काहीतरी करतो. शिसारी पुढच्या पानावर आली. तिथे लेखकाने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, की या बाईने जन्मभर एकदाही कुरकूर केली नाही.

मी पुस्तक मिटलं, मोरीवर गेले आणि चूळ भरली. का, ते सांगता येणार नाही. तोंडात काहीतरी खवट आल्यासारखं झालं होतं.

आमच्याकडे हे असं कौतुक मयतीला करतात. माझी मोठी काकू गेली तेव्हा ओट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला होता, "बाई लय चांगली होती. कधी वर मान करून पाह्यलं नाई तिनं." आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. काकू कशाने गेली, तिला काय आवडायचं, तिने कपाशीत किती उन्हाळे काढले, यातलं कुणी काही बोललं नाही. तिने वर पाहिलं नाही, हीच तिची थोरवी. आणि इथे तर आयुष्यभर आभाळ मोजणाऱ्या बाईला तोच हार घातलेला.

मग मला नादच लागला. मिळतील तिथून या विषयावरची पुस्तकं मागवायला लागले. इंग्रजी, हिंदी, मराठीतही थोडी मिळाली. काही फार चांगली होती. ती मी अजून जपून ठेवली आहेत. पण बाकीच्यांत प्रत्येकाला आपापला रोग होता. एका पुस्तकात बाईच्या प्रकरणात निम्मी पानं तिच्या भावाची. दुसऱ्यात, ती दिसायला कशी होती, लग्न का झालं नाही, याचीच चर्चा. एकात लिहिलं होतं, की दिवसभर किचकट गणितं करूनही तिने नवऱ्याच्या जेवणाची वेळ कधी चुकवली नाही. लेखक वेगळे, देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि सूर एकच. आधी जिवंतपणी नाव खाल्लं, आणि आता मेल्यावर हळदीकुंकू लावायला आले.

या वाचनात मला एक जोडीदारीण मिळाली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. अमडापूरच्या एका बौद्ध कुटुंबातली. आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची, वडील ती लहान असतानाच गेलेले. शिकून ती साखरखेर्ड्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत गणिताची शिक्षिका झाली. रविवारी एस.टी.ने माझ्याकडे यायची. मी एक पुस्तक तिला दिलं, तर पुढच्या रविवारी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, याच्यात बाई कमी अन् तिचा भाऊच जास्त आहे."

"मग आपण लिहू का?" मी म्हणाले. गमतीतच म्हणाले होते.

"लिहू नं," ती म्हणाली. "पण पोरींले समजलं पाह्यजे असं लिहू. ह्या बाया बिचाऱ्या होत्या, एवढंच सांगाचं असन तं मी येत नाई."

"मग काय सांगायचं?"

"त्याहिनं काय शोधलं ते सांगाचं. कोनी ढापलं ते मंग सांगू."

असं ते पुस्तक सुरू झालं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला चहाचे कप, एका बाजूला कागद. बायकांची आयुष्यं मी लिहायची, त्यांचं काम तिने समजावून सांगायचं, असं ठरलं होतं. पण तिचीच प्रकरणं जास्त चांगली उतरली, हे मला पहिल्यापासून दिसत होतं. काचेवरच्या ठिपक्यांमधून शोधलेला तो नियम मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते आणि पोरं जांभया देत आली होती. काही तारे ठरावीक वेळाने मंद होतात, पुन्हा तेज होतात. त्या वेळेवरून त्यांचं अंतर काढता येतं. तिने तो असा लिहिला: देवळातली मोठी घंटा हळूहळू झुलते आणि लहान घंटी भरभर झुलते. झुलणं बघितलं की घंटा केवढी ते कळतं. आणि घंटा केवढी हे एकदा कळलं, की तिचा आवाज किती बारीक ऐकू येतो यावरून ती किती लांब आहे ते कळतं. तारे असेच झुलतात, आणि हे त्या बाईने ओळखलं.

मी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. "काऊन, चुकलं का?" ती विचारायला लागली.

माझ्या प्रकरणांवर तिची कात्री चालायची. मी चिडून लिहायचे आणि विशेषणांचा मारा करायचे. ती पेन्सिलीने एकेक विशेषण खोडायची. म्हणायची, "मॅडम, तुम्हीच एवढ्या चिडून राह्यल्या तं वाचनाऱ्यानं काय कराचं? त्याले चिडू द्या नं." पुढे पुढे मी तसं लिहायला शिकले. आम्ही नाव ठेवलं, 'तारे मोजणाऱ्या बायका'. साधं.

पुस्तक पुरं झालं आणि आमच्या संस्थेच्या सचिवांच्या कानावर गेलं. ते स्वतः स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, बाहेरच्या प्रकाशकाकडे कायले जाता? संस्थाच काढते नं. महिला दिनाले प्रकाशन करू. साहेबाहिले विषय लय आवडला." साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. गावात त्यांचा शब्द चालतो, आणि आमच्या संस्थेत तर दुसऱ्या कुणाचा चालतच नाही. पोरींपर्यंत पुस्तक पोहोचेल, या भागातल्या सगळ्या शाळांमध्ये जाईल, असं सचिव म्हणाले. आम्हाला तेच हवं होतं. पहिल्या पानावर आम्हा दोघींची नावं घातलेली प्रत मी त्यांच्या हातात दिली.

मध्ये मी कितीदा तरी विचारलं, तपासायला मुद्रितं कधी देता? "तुम्ही चिंता नका करू, मॅडम." दर वेळी हेच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी खोकी आली. ऑफिसात शिपायाने एक फोडलं आणि वरची प्रत मला दिली. मुखपृष्ठावर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, हातात निरांजन, डोळ्यांत पाणी. तिच्या मागे दुर्बीण धरलेल्या पुरुषाची भली मोठी आकृती. पुस्तकाचं नाव: 'त्यागमूर्ती तारका'. खाली माझं नाव. त्याच्यावर, माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात, 'प्रेरणा व मार्गदर्शन' म्हणून अध्यक्षांचं. आत त्यांची प्रस्तावना, आमच्या कुठल्याही प्रकरणाहून लांब. शेवटी एक पान आम्ही लिहिलेलंच नव्हतं: 'राशीनुसार मुलींनी निवडावयाची करिअर'. कन्या राशीच्या मुलींनी शिक्षिका व्हावं, असं त्यात होतं.

आणि तिचं नाव? मी मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं, मलपृष्ठ पाहिलं. शेवटी ऋणनिर्देशात सापडलं, मुद्रणालय आणि कागदवाल्याच्या मध्ये. 'टंकलेखनास सहकार्य'. आडनाव न लावता, नुसतं पहिलं नाव, आधी 'कु.' लावून. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि टंकलेखन तिने केलंच नव्हतं. आम्ही दोघी हाताने लिहायचो आणि बसस्टँडजवळच्या दुकानात टाइप करून आणायचो.

मी पुस्तक घेऊन सचिवांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हिचं नाव काऊन काढलं?"

"काढलं कुठं? आहे नं शेवटी."

"अर्धं पुस्तक तिनं लिहिलंय."

"मॅडम, बसा. पानी घ्या." त्यांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही समजून घ्या. तिचं नाव वर टाकलं असतं तं गावात काय म्हनले असते लोकं? आडनाव पाह्यलं का लोकाहिले लगेच समजते. आपलं पुस्तक सगळ्या समाजात गेलं पाह्यजे नं? मी काही मानत नाई, तुम्हाले माहीत आहे. आमच्या घरी तं त्याहिचे लोक येतात, चहा पेतात. पन सगळ्यायचा विचार करा लागते."

हे बोलताना ते हसत होते. समजूतदार, आपलेपणाचं हसू. जणू मी त्यांच्यातलीच, मला हे वेगळं सांगायची गरजच नाही. माझं आडनाव त्यांना चालणारं होतं ना. त्या हसण्यात त्यांनी मला आपल्या बाजूला बसवून घेतलं होतं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली. समोरच्या बशीत काजू होते. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

मी उठले. "उद्या मी स्टेजवर सांगणार आहे," मी म्हणाले.

"सांगा नं," ते म्हणाले. "तुमचाच कार्यक्रम आहे."

त्यांना कशाची खात्री होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. आडनावाचंही सांगितलं, तिच्यापासून लपवून मी तिला जपते आहे असा आव आणायची माझी तयारी नव्हती. ती म्हणाली, "आईले घेऊन येतो म्हनलं होतं मी. तिनं लुगडं धुऊन ठेवलं."

"येऊ नको वाटलं तर."

"येतो. काऊन नाई येनार? मी काय चोरी केली?"

कार्यक्रम संस्थेच्या सभागृहात होता. बाहेर रांगोळी, आत सेंटचा फवारा, स्टेजवर सोफे. मला अध्यक्षांच्या शेजारच्या सोफ्यावर बसवलं होतं. तिथून मला ती दिसत होती, तिसऱ्या रांगेत, शेजारी आई. थोड्या वेळाने बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता त्यांच्यापाशी आला, वाकून काहीतरी बोलला आणि हाताने मागची बाजू दाखवली. पाहुण्यांच्या घरच्यांसाठी ती रांग होती म्हणे. दोघी उठून मागे गेल्या. त्यांनी रिकाम्या केलेल्या खुर्च्यांवर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. स्त्री ही माता आहे, भगिनी आहे, हे नेहमीचं झालं. मग म्हणाले, "आता हे ताऱ्याचं गणित अवघड असते. मी मॅडमले म्हनलं, पोरीले समजन असं सांगा. देवळातल्या घंटेचं उदाहरन द्या." आणि त्यांनी ते उदाहरण सांगितलं. तिच्या शब्दांत, ओळीच्या ओळी, हात झुलवून. तेही चुकीचं सांगितलं; लहान घंटी हळू झुलते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगांकडे पाहिलं. ती समोर बघत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. आई तिच्याकडे वळून काहीतरी विचारत होती.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले. भाषण पाठ केलं नव्हतं, साधी चार वाक्यं बोलायची ठरवली होती आणि ती बोलले. हे पुस्तक माझं एकटीचं नाही. याची निम्मी लेखिका मागे बसली आहे, तिचं नाव संस्थेने काढून टाकलं. घंटेचं उदाहरण तिचं आहे, कुणी सुचवलेलं नाही. ज्या बायकांची नावं खाल्ली गेली त्यांच्या पुस्तकात आपण पुन्हा तेच केलं, याची मला शिसारी येते.

अध्यक्ष सोफ्यावरून उठले, माझ्याजवळ आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "पाहा! याले म्हनतात मोठेपना! स्वतःचं श्रेय आपल्या विद्यार्थिनीले देऊन राह्यल्या. अशी गुरुमाउली आपल्या संस्थेत आहे, हे आपलं भाग्य!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. माझ्या सहकारी बायका डोळे पुसत होत्या. मी "नाही, तसं नाही" म्हणत होते आणि माझे ओठ हलताना बघून त्या आणखी हेलावत होत्या. मी जे थुंकले होते ते त्यांनी अत्तरासारखं अंगाला लावून घेतलं. आजपर्यंत माझ्याशी कुणी भांडलं आहे, कुणी अपमान केला आहे, पण इतकं घाण मला कधी वाटलेलं नाही.

अध्यक्षांचं संपलं नव्हतं. "त्या टायपिंगवाल्या मुलीलेही बोलवा रे वर. तिलेही गुलाब द्या."

मागे ती उभी राहिली. जागेवरूनच, मोठ्याने, वर्गात बोलतात तशी म्हणाली, "मी टायपिंग नाई केलं. मी लिहिलं. गुलाब ठेवा तुमच्याजवळ."

पुढच्या दोनचार रांगांनी मागे वळून पाहिलं. त्याच वेळी सूत्रसंचालकाने नाश्त्याची घोषणा केली, स्पीकरवर गाणं लागलं आणि सगळे दाराकडे निघाले. आलुबोंड्यांचा वास आत येत होता.

मी स्टेजच्या मागच्या दाराने बाहेर पडले. त्या दोघी बसस्टँडच्या रस्त्याने चालल्या होत्या. मी धावत गाठलं. आईच बोलल्या. पुस्तकातल्या त्या बायकांविषयी लेकीने घरी सगळं सांगितलेलं होतं, असं दिसलं.

"त्या बाया मेल्या का आता?"

"हाव आई," ती म्हणाली. "कवाच्याच."

"मंग त्याहिले काई लागत नाई. तुले लागलं असन."

"लागलं," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. एस.टी. लागेपर्यंत आम्ही तिघी तशाच स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. मी तिचा हात धरला होता, पण तिने माझा धरला नव्हता, हेही खरं.

पुढचे महिने ओंगळ गेले. मी सचिवांना सांगितलं, पुस्तक मागे घ्या. ते म्हणाले, संस्थेने छापलं, संस्थेचं झालं. शाळाशाळांतून ते वाटलं जात राहिलं. माझ्याकडचं विज्ञान मंडळ काढून घेतलं आणि परीक्षेची बैठकव्यवस्था लावायचं काम दिलं. ते मी केलं, त्याचं काही नाही. पण स्टाफरूममध्ये मी शिरले की गप्पा थांबायच्या. एक बाई, जिच्याशी माझं चांगलं जमायचं, डबा उघडता उघडता म्हणाली, "तुमचं नाव तं आहे नं वर? मंग तुम्हाले काय झालं?" तिच्या डब्यात माझ्या आवडीची आंबाडीची भाजी होती. तिने नेहमीसारखी माझ्यापुढे केली. मी माझा डबा बंद केला.

बाजारात अनोळखी बाया थांबवायच्या. तारकांचं पुस्तक तुम्हीच लिहिलं ना, मग जरा पोरीची पत्रिका बघा, लग्न जमत नाही. शेवटच्या त्या पानाचा हा प्रताप.

मला एक उपाय सुचला होता. तिच्या नावाच्या पट्ट्या छापून घ्यायच्या आणि सापडेल त्या प्रतीवर चिकटवायच्या. मी तिच्या घरी जाऊन तो सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"चिकटवलेलं नाव नखानं निघते, मॅडम. मले ते नको."

"मग काय करायचं?"

"तुमच्यावरही राग आहे मले," ती म्हणाली. "तुम्ही स्टेजवर बोलल्या ते बरं केलं. पन तुम्ही बोलल्या म्हनून त्याहिनं तुमच्या गळ्यात हार घातला. शाळेत मले विचारतात, त्या मॅडमनं तुह्यासाठी एवढं केलं, तू काऊन तोंड पाडून बसली?"

तिने चहा केला. चहा पिताना म्हणाली, "पुन्हा लिहू. पह्यल्यापासून. त्याहिच्या पुस्तकातलं एकही वाक्य नाई घ्याचं."

"घंटासुद्धा नाही?"

"घंटा त्याहिनं बाटवली," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. तो शब्द आमच्या गावांत कुणाविषयी वापरला जातो ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पुन्हा लिहिणं सोपं नव्हतं. रविवारी ती यायची, पण पूर्वीसारखं बोलणं व्हायचं नाही. एकदा माझ्या एका प्रकरणावर ती इतकी चिडली की कागद टाकून निघून गेली. मी एका बाईला 'उपेक्षित तारा' म्हटलं होतं. "तारा कायले? तिले बाईच राहू द्या," असं जाताना म्हणाली. पुढच्या रविवारी ती परत आली आणि मी तो शब्द काढून ठेवला होता. त्यानंतर आमचं हळूहळू सुरळीत झालं. घंटेच्या जागी तिने पाळणे आणले: लांब दोराचा पाळणा आणि आखूड दोराचा पाळणा. मला ते घंटेइतकं आवडलं नाही आणि मी तसं सांगितलं. तिलाही आवडलं नव्हतं. पण तिने तेच ठेवलं.

अकोल्याच्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर पांढरी काच आणि काळे ठिपके, बाकी काही नाही. तिचं नाव वर, माझं खाली. आडनावासकट. छपाईला जाण्याआधी मुद्रितं आम्ही दोघींनी समोरासमोर बसून वाचली.

एका दैनिकात छोटं परीक्षण आलं. मी आनंदाने वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात होतं, की ज्येष्ठ लेखिकेने आपल्या विद्यार्थिनीलाही सोबत घेऊन लेखनाची संधी दिली, हे कौतुकास्पद आहे. मी कात्रण न काढता पेपर रद्दीत टाकला. ती म्हणाली, तिने ते परीक्षण पूर्ण वाचलंच नाही.

गेल्या हिवाळ्यात जळगाव जामोदच्या एका मुलींच्या शाळेने आम्हाला बोलावलं. मागे सातपुडा दिसतो अशी ती शाळा. मोठ्या वर्गाच्या मुली व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या होत्या. तिथल्या एका शिक्षकांनी ओळख करून दिली. माझी बराच वेळ, आणि शेवटी तिची, "यांच्या सहकारी". मी उठून दुरुस्त करणार होते. त्याआधीच ती उठली, फळ्याकडे गेली आणि खडू हातात घेऊन मुलींना म्हणाली, "सरांचं एक सांगायचं राहिलं. पुस्तक आम्ही दोघींनी लिहिलंय, आणि आज मी शिकवणार आहे. मॅडम ऐकणार आहेत." मुली हसल्या. तिने फळ्यावर काचेवरचे ठिपके काढायला सुरुवात केली, आणि त्यातला कोणता ठिपका रोज बदलतोय ते ओळखायला सांगितलं. मुली गुडघ्यांवर उभ्या राहून बोटं दाखवायला लागल्या.

मी मागे खुर्चीवर बसले होते. शेजारचे ते शिक्षक माझ्याकडे झुकले आणि दबल्या आवाजात म्हणाले, "तयार केली हं तुम्ही पोरगी. नाही तर त्या लोकायमधून इतकं..."

पुन्हा तेच खवट काहीतरी घशाशी आलं. मी खुर्ची ओढत त्यांच्यापासून लांब, मुलींच्या सतरंजीजवळ नेऊन ठेवली. खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज झाला. तिने फळ्यावरून वळून पाहिलं.

"चालू दे," मी म्हणाले. "मला तिथून नीट दिसत नव्हतं."